चित्रशाळेतून कारखान्याकडे

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव उच्चारताच लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि पाण्याचे पंप आठवतात. परंतु यंत्रांच्या या कारखानदाराने तरुणपणी चित्रकार होण्याचे ठरविले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढावीत आणि यंत्रांशी खटपट करीत बसावे, हे दोनच नाद त्यांना होते. मुलाने शाळा सोडून चित्रकला शिकावी, ही गोष्ट वडिलांना रुचली नाही. त्या काळी चित्रे काढून पोट भरेल, असा भरवसा कोण देणार? परंतु थोरले बंधू रामूअण्णा धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षे त्यांनी निष्ठेने अभ्यास केला, आणि मग एक विलक्षण अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधत्व होते. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नसे. हा दोष जन्मापासूनचा असतो. औषधाने तो बरा होत नाही आणि सरावाने जात नाही. ज्या विद्येसाठी वडिलांची इच्छा मोडली, घर सोडून एवढ्या दूर मुंबईस आले, तिचे दार अशा रीतीने अकस्मात बंद झाले. गावी परत जाऊन मिळेल ती चाकरी धरावी, असा विचार दुसऱ्या कोणी केला असता, तर त्याला नावे ठेवता आली नसती.

परंतु चित्रकलेत रंगाखेरीज रेषाही असते. लक्ष्मणरावांचा हात रेखाटनात सफाईदार होता, आणि यंत्रांची ओढ तर लहानपणापासूनचीच. यंत्राच्या नकाशात रंगाला काम नसते. तेथे रेषा अचूक आणि माप बिनचूक असावे लागते. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला, आणि मुंबईत नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांना तोच विषय शिकविण्याची नोकरी मिळाली. इतरांना शिकविता शिकविता ते स्वतः यंत्रविद्या शिकले. कोणते चाक कशासाठी, कोणता दांडा कोठे जोडावयाचा, हे ते कागदावर पाहत आणि कार्यशाळेत हाताने करूनही पाहत.

याच सुमारास सायकल हे नवलाईचे वाहन मुंबईत दिसू लागले होते. १८८८ साली या बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, आणि रामूअण्णा त्या विकून गिऱ्हाइकांना त्यांवर बसावयास शिकवीत. या शिकवणीचे ते पंधरा रुपये घेत. त्या काळच्या मानाने ही रक्कम थोडी नव्हे!

नोकरी मानाची होती आणि पगार ठरलेला होता. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. हा अन्याय सोसून बसण्याचा लक्ष्मणरावांचा स्वभाव नव्हता. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. तेथे त्यांनी लहानसा कारखाना थाटला आणि कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग ते लोखंडी नांगराकडे वळले.

आपल्याकडील लाकडी नांगर जमीन उकरतो, पण खालची माती वर आणून उलथीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो, ढेकळे पालथी घालतो आणि तण मुळासकट उपटतो. तथापि शेतकऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे ते म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर हाकणाऱ्याला ही भीती वाटावी, यात नवल नाही. एक हंगाम बुडाला तर वर्षभर खाणार काय, हा प्रश्न त्याचा होता. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून राहिला, तरी लक्ष्मणरावांनी हे काम टाकले नाही. चित्रकला त्यांना सोडावी लागली होती ती डोळ्यांच्या दोषामुळे. येथे अडचण समजुतीची होती आणि ती दूर होण्याजोगी होती.

हळूहळू मागणी वाढू लागली, तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेस वस्ती वाढविण्यासाठी कारखान्याची जागा हवी होती. तेव्हा कारखाना हलविणे भाग पडले. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. हे राजेसाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते, हा योगायोग मोठा गमतीचा. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

जमीन म्हणजे निव्वळ माळ! जिकडे तिकडे निवडुंग माजलेला आणि त्यात सापांची वस्ती. १९१० सालच्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह व त्यांच्या कुटुंबांसह तेथे जाऊन राहिले. सर्वांनी मिळून निवडुंग तोडला, राहण्यासाठी आडोसे उभारले आणि यंत्रे मांडली. रामूअण्णा वस्तीची व्यवस्था पाहत, लक्ष्मणराव कारखाना पाहत. पुढे तेथे घरे, शाळा आणि बागा झाल्या. नांगरांच्या पाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप बाहेर पडू लागले. वेदान्ती पित्याचा हा मुलगा चाळिशी ओलांडल्यावर आपल्या मनासारख्या कामात पुरता स्थिरावला.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. निवडुंगाच्या त्या माळावरील वस्तीला किर्लोस्करवाडी म्हणतात, आणि कुंडल रोड स्थानकानेही पुढे तेच नाव धारण केले.