पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा 1986 चा व्हिडिओ लोक आजही का बघतात?

पिवळं जॅकेट, पांढरी पँट, जाड मिशी आणि हातात खालून अर्धा गायब असलेला माईकचा दांडा. समोर सत्तर हजारांच्या आसपास माणसं. तो एक तान घेतो, अख्खं स्टेडियम तीच तान परत देतं. तो जरा अवघड करतो, लोक तेही जमवतात. मग तो आणखी अवघड करतो.

इंग्लिश न कळणाऱ्यालाही यात मजा येते, कारण यात शब्दच नाहीत.

हा व्हिडिओ क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा. 12 जुलै 1986 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर शूट झालेला. आणि तो पिवळ्या जॅकेटवाला म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. रॉक संगीताशी देणंघेणं नसलेल्यांनाही त्याचं नाव ठाऊक असतं. पण या माणसाचं लहानपण आपल्या सातारा जिल्ह्यात गेलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्याचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. घर पारशी, मूळ गुजरातमधल्या बलसाडचं, आडनाव त्यावरूनच पडलेलं. वडील इंग्रज सरकारच्या कचेरीत नोकरीला होते. पोराचं शिक्षण नीट व्हावं म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या फारुखला थेट पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. झांझिबारहून बोटीने मुंबई, तिथून घाट चढून पाचगणी. सुट्टी लागली तरी घरी जाणं सोपं नव्हतं, त्यामुळे बऱ्याच सुट्ट्या मुंबईच्या नातेवाइकांकडे जायच्या.

याच शाळेत तो पियानो शिकला आणि फारुखचा फ्रेडी झाला. पुढचे दात बाहेर आलेले, त्यामुळे पोरं चिडवायची. पोरगा लाजाळू होता. पण बाराव्या वर्षी चार मित्रांबरोबर त्याने शाळेतच बँड काढला, नाव ठेवलं द हेक्टिक्स. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची त्या काळची गाजलेली गाणी ही पोरं वाजवायची. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो पियानोवर होता.

1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं. लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी बस्तान बसवलं. फ्रेडीने ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनचा कोर्स केला, विमानतळावर सामान उचलायचं कामही केलं. पुढे गिटार वाजवणारा ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्याबरोबर 1970 मध्ये क्वीन सुरू झाला. पुढच्या वर्षी बेस गिटारवर जॉन डीकन आला. बँडचं नाव फ्रेडीने सुचवलं, चौघांच्या राशी घालून लोगोही त्यानेच काढला. आणि स्वतःचं आडनाव बदलून मर्क्युरी केलं.

1975 मध्ये त्यांचं बोहेमियन ऱ्हॅप्सडी आलं. जवळपास सहा मिनिटांचं गाणं, मध्येच ऑपेरा. इतकं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं कंपनीला वाटत होतं. ते ब्रिटनमध्ये सलग 9 आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

पुढची दहा वर्षं सगळी चढतीचीच होती असं मात्र नाही. 1982 च्या हॉट स्पेस या अल्बमवर चाहतेच नाराज झाले. 1984 मध्ये वर्णद्वेषी राजवट असताना बँडने दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटीत कार्यक्रम केले, त्यावर सडकून टीका झाली आणि ती रास्तच होती. बँडचे दिवस भरले, असं बोललं जाऊ लागलं.

मग आला 13 जुलै 1985. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लाइव्ह एड हा कार्यक्रम झाला आणि त्याचं जगभर थेट प्रक्षेपण झालं. क्वीनला वीसेक मिनिटं मिळाली. त्यांनी आधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये वेळ मोजून तालीम केली होती. संध्याकाळच्या उन्हात, कुठलीही रोषणाई नसताना, फ्रेडीने ती वीस मिनिटं खाऊन टाकली. रेडिओ गा गा सुरू झाल्यावर हजारो हात एकाच ठेक्यावर वर गेले, तो क्षण आजही मोबाईलवर फिरतोय. 2018 च्या बोहेमियन ऱ्हॅप्सडी सिनेमाचा शेवट याच कार्यक्रमावर आहे. सिनेमात तो आपल्या आजाराबद्दल आधीच बँडला सांगतो. प्रत्यक्षात एचआयव्हीचं निदान झालं ते 1987 च्या सुमारास.

लाइव्ह एडची क्लिप जास्त गाजली. तरी फ्रेडी पुरता बघायचा असेल तर वर्षभरानंतरचा वेम्बलीचा व्हिडिओच बघावा. लाइव्ह एडमध्ये तो घड्याळाशी शर्यत लावतोय, इथे त्याच्याकडे वेळच वेळ आहे. तो चुका करतो, हसतो, बँडवाल्यांना चिडवतो. एका टप्प्यावर चौघं स्टेजच्या पुढच्या टोकाला येऊन जुनं रॉक अँड रोल वाजवतात. त्यात लिटल रिचर्डचं टुटी फ्रुटी आहे. पाचगणीच्या शाळेत वाजायचं, त्याच जातीचं संगीत. फरक एवढाच की तेव्हा पियानोमागे बसणारा पोरगा आता सगळ्यांच्या पुढे उभा आहे.

याच रात्री तो मध्येच थांबून एक अफवा खोडून काढतो. क्वीन फुटणार अशी कुजबुज होती. हे सगळं थोतांड आहे आणि आपण मरेपर्यंत एकत्र राहणार आहोत, अशा अर्थाचं तो लोकांना सांगतो. लोक जल्लोष करतात. तेव्हा ती स्टेजवरची एक बात होती. पुढचं माहीत असलेल्या चाहत्याला ती जागा आता साधेपणाने बघता येत नाही.

दोन आठवड्यांनी, 27 जुलैला, बुडापेस्टमध्ये कार्यक्रम होता. हंगेरीत तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती, पाश्चात्त्य बँडचा इतका मोठा कार्यक्रम तिथे नवलाचाच. फ्रेडीने तिथलं एक लोकगीत गायलं. शब्द तळहातावर लिहून आणले होते आणि बघून गायला. त्याचाही व्हिडिओ आहे, हात बघणं लपवायचा तो फार प्रयत्न करत नाही.

9 ऑगस्ट 1986 ला इंग्लंडच्या नेबवर्थ पार्कमध्ये या दौऱ्याचा शेवट झाला. लाखाहून जास्त लोक होते. फ्रेडी त्यानंतर क्वीनबरोबर पुन्हा कधीही कॉन्सर्टला उभा राहिला नाही.

आजार कळल्यावर त्याने तो जगापासून लपवला, पण काम सोडलं नाही. 1989 आणि 1991 मध्ये बँडचे दोन अल्बम आले. मे 1991 मध्ये त्याने शेवटचा व्हिडिओ शूट केला, तोही कृष्णधवल. त्यात तो ओळखू येऊ नये इतका वाळलेला दिसतो. 23 नोव्हेंबरला एड्स झाल्याचं त्याने जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी गेला. वय 45. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

वेम्बलीचा कार्यक्रम 1990 मध्ये व्हिडिओ कॅसेटवर आला होता, पण काटछाट करून. पूर्ण कार्यक्रम 2003 मध्ये डीव्हीडीवर आला, तोवर तो बघणाऱ्यांची एक नवी पिढी तयार झाली होती.

12 ऑगस्ट 2012 ला लंडन ऑलिम्पिकचा समारोप होता. स्टेडियममधल्या पडद्यावर अचानक वेम्बलीचा तोच तुकडा लागला. पिवळं जॅकेट, मिशी, अर्धा दांडा. पडद्यावरच्या फ्रेडीने तान घेतली, आणि जाऊन वीस वर्षं झालेल्या माणसाला भरलेल्या स्टेडियमने ती तशीच परत दिली.