ज्ञानकोशकार केतकर : कोश आणि कादंबरी

श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४-१९३७) यांचा जन्म रायपूरचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावर संशोधन केले. स्वदेशी परतल्यावर भागभांडवल उभारून त्यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले आणि मराठीची ज्ञानभाषा म्हणून असलेली क्षमता कृतीने दाखविली. पुढे 'ब्राह्मणकन्या' (१९३०) या कादंबरीत त्यांनी जातीच्या सीमेवर ढकलल्या गेलेल्या स्त्रीचा प्रश्न हाताळला. रचनाशैथिल्याबद्दल समीक्षकांनी त्यांच्या कादंबऱ्यांना दोष दिला. परंतु संशोधनात ज्या समाजरचनेची त्यांनी मीमांसा केली, तिचेच पेच कादंबरीत व्यक्तींच्या आयुष्यातून तपासले. म्हणूनच कोशकार आणि कादंबरीकार असे दोन केतकर कल्पिणे उचित ठरत नाही.