कर्मवीर दादासाहेब गायकवाड : मंदिराच्या दारापासून जमिनीच्या हक्कापर्यंत

आमचा अकोले तालुका आणि नाशिक जिल्हा यांच्यामध्ये केवळ एक सीमारेषा आहे. इकडचा शेतमजूर हंगामात तिकडे जातो, तिकडच्या लेकी इकडे नांदतात. त्यामुळे नाशिकच्या भूमीत उभी राहिलेली माणुसकीच्या हक्काची चळवळ आम्हाला कधीच परकी वाटली नाही. त्या चळवळीचा भार ज्यांनी आयुष्यभर वाहिला, त्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे स्मरण या स्मरणिकेत करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे दिंडोरी या गावी झाला. मोठ्या पदव्या त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. परंतु शिक्षणाचे मोल त्यांनी तरुणपणीच ओळखले होते आणि नाशिकमधील अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कामाशी ते जोडले गेले. खेड्यातून आलेल्या मुलाला निवारा, अन्न आणि अभ्यासाची जागा मिळाली, तर तो काय होऊ शकतो, हे त्यांनी जवळून पाहिले. निवासी शाळा चालविणाऱ्या आम्हा सर्वांना त्यांच्या चरित्राचा हा आरंभ विशेष जवळचा वाटतो.

2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सुमारे 15 हजार स्त्री-पुरुषांची मिरवणूक मंदिराकडे निघाली, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी 125 पुरुष आणि 25 स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांसमोर जाऊन बसली. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते सत्तावीस वर्षांचे भाऊराव. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली, अनेकांना तुरुंगात जावे लागले. तरीही सत्याग्रहींनी शांततेचा मार्ग सोडला नाही.

ही शांतता आपोआप आलेली नव्हती. गावोगावच्या तुकड्या ठरवायच्या, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करायची, वर्गणी गोळा करायची आणि मार खाऊन परतलेल्या तरुणांचा संताप आवरायचा, हे सारे रोजचे काम होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना हा भार प्रामुख्याने भाऊरावांनी आणि अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी पेलला. दुर्बळाची सहनशीलता वेगळी आणि संघटित माणसांचा संयम वेगळा, हा धडा नाशिकने महाराष्ट्राला दिला.

तरी दार उघडले नाही. 1934 च्या मार्च महिन्यात बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून, समाजाची शक्ती यापुढे शिक्षण आणि राजकारण यांकडे वळविण्याचे मत कळविले. मूर्तीचे दर्शन हा या लढ्याचा हेतू नव्हताच, समाजाला जागे करणे हा हेतू होता, ही त्यांची भूमिका होती. पुढील वर्षी हा लढा थांबला. स्वतःच्या हातांनी उभारलेली चळवळ थांबविणे ती चालविण्याहून कठीण असते. भाऊरावांनी ते केले, आणि त्यात त्यांनी पराभव मानला नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हाही ते त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे होते.

1937 साली ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. राबणूक अमर्याद आणि मोबदला तुटपुंजा, अशा महारवतनाविरुद्ध जो लढा झाला, त्यात ते आघाडीवर होते. या लढ्यातील एक महत्त्वाची परिषद 1939 साली आमच्याच जिल्ह्यातील हरेगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. ही वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. 1956 साली नागपूर येथे दादासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि 1957 साली नाशिकमधून ते लोकसभेवर निवडून आले.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी हाती घेतला तो जमिनीचा प्रश्न. देवळाचे दार उघडले तरी भूमिहीनाची चूल पेटत नाही, हे खेड्यात वाढलेल्या या माणसाला ठाऊक होते. 1959 साली आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी, मजुरांना किमान वेतन मिळावे, बौद्धांना सवलती मिळाव्यात, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लागावे, अशा मागण्या होत्या. हा लढा एका जातीपुरता नव्हता. लाखोंच्या संख्येने स्त्री-पुरुष तुरुंगात गेले, तेही शांततेने.

1959 सालीच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले होते. बसमधील आसनाच्या हक्कापासून सुरू झालेला त्यांचा प्रवासही अखेरीस गरिबांच्या भाकरीच्या प्रश्नापाशी पोहोचला. सन्मान आणि पोट यांची फारकत करता येत नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

दादासाहेबांवर टीकाही झाली. जमिनीचा लढा ही साम्यवाद्यांची वाट आहे, असे पक्षातील काही सुशिक्षितांना वाटले आणि रिपब्लिकन पक्षात फूट पडली. 1967 साली त्यांनी काँग्रेसशी केलेली युती अनेक कार्यकर्त्यांना मान्य नव्हती. त्या वादांचे ओझे पुढच्या पिढ्यांनी वाहिले, हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्यांच्या निष्ठेविषयी शंका घ्यावी, असे त्यांच्या आयुष्यात आम्हाला काही आढळत नाही.

1968 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले ते 1990 साली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही त्याच वर्षी. म्हणजे दादासाहेबांच्या दोन मागण्या त्यांच्यामागे एकोणीस वर्षांनी पूर्ण झाल्या. त्या सवलतींच्या आधाराने शिकून नोकरीला लागलेले आमचे माजी विद्यार्थी या सत्याग्रहींचे ऋणी आहेत, मग त्या सत्याग्रहींची नावे कोणत्याही पुस्तकात नसोत.

जमिनीची मागणी मात्र अपुरीच आहे. अकोल्याच्या डोंगरदऱ्यांतील आदिवासी बांधवांना वनहक्क कायद्यासाठी 2006 सालापर्यंत वाट पाहावी लागली. दुसऱ्याच्या शेतावर राबणारे पालक आपल्या लेकरांना आजही आमच्या शाळेत आणून सोडतात. त्या लेकरांना आम्ही दादासाहेबांची गोष्ट सांगतो, ती बंद दारासमोर न डगमगता बसण्याची आणि वेळ येताच उठून नव्या कामाला लागण्याची. हा वारसा जपण्याचा निर्धार करून आम्ही कर्मवीरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.