फॉन नॉयमन यांचा अपुरा हिशेब

१९४४चा उन्हाळा. अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीन स्टेशनच्या फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याची जॉन फॉन नॉयमन यांच्याशी गाठ पडली आणि बुडापेस्टमध्ये जन्मलेला हा ४० वर्षांचा नामांकित गणिती संगणकाकडे वळला. तेव्हा फिलाडेल्फियात ‘एनिअ‍ॅक’ उभा राहत होता. त्यात जुन्या रेडिओत असत तसे सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे.

पुढच्याच वर्षी फॉन नॉयमन यांनी नव्या यंत्राचा आराखडा लिहिला : सूचना आणि आकडे एकाच स्मृतीत, आकडेमोड करणारा भाग वेगळा. (अहवालावर नाव फक्त त्यांचेच आले. सहकारी एकर्ट आणि मॉकली दुखावले, ते रास्तच होते.) आजचे बहुतेक संगणक याच आराखड्यावर चालतात. त्यात प्रत्येक आकडा स्मृतीतून आणायचा, काम झाले की परत ठेवायचा. एका बेरजेला लागते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा या ने-आणीत जाते. चिप तापण्याचे हेही एक मोठे कारण.

१९५५मध्ये त्यांचा खांदा दुखू लागला. निदान झाले हाडात पसरलेल्या कर्करोगाचे. येल विद्यापीठात द्यायच्या व्याख्यानांसाठी ते तेव्हा मेंदू आणि संगणकाची तुलना लिहीत होते. मेंदूला सुमारे १० वॅट, पेशी सुमारे १ हजार कोटी. म्हणजे एका पेशीला वॅटचा एक अब्जांश, असा त्यांचा हिशेब. (आज आपण २० वॅट आणि ८,६०० कोटी पेशी धरतो.) एका व्हॉल्व्हला ५ ते १० वॅट लागत. नवा ट्रान्झिस्टरसुद्धा पेशीच्या १० कोटी पट खर्चिक.

व्याख्याने झालीच नाहीत. हस्तलिखित घेऊन ते वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात दाखल झाले आणि ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, ५३व्या वर्षी गेले. पुस्तक १९५८मध्ये अपुरेच छापले गेले. मेंदूत स्मृती नेमकी कुठे राहते, हा प्रश्न त्यात खुलाच आहे. आता आपण मानतो की ती पेशींमधल्या जोडण्यांतच असते, म्हणजे जिथे काम तिथेच साठवण. २०१४मध्ये आयबीएमने त्याच धर्तीवर, स्मृती आणि गणन शेजारी ठेवून, १० लाख कृत्रिम पेशींची चिप बनवली. तिला सुमारे ७० मिलिवॅट वीज पुरते.