कुलुपे बनविणाऱ्याचा मुलगा

बाळकुममध्ये विजेचे बिल आले की घरोघरी आमच्या कानी एकच प्रश्न येतो: एवढे युनिट झाले कसे? बंधुभगिनींनो, या हिशोबाची पहिली पायरी घालणाऱ्या गेओर्ग ओम यांच्याविषयी आज थोडेसे.

त्यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनवीत. मुलांना गणित त्यांनीच शिकवले. पुढे ओम कोलोनला, पूर्वी येशूसंघीयांनी चालविलेल्या शाळेत शिक्षक झाले. तेथे ते निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वाहणारी वीज मोजू लागले. त्या काळच्या बॅटरीचा जोर टिकत नसे. म्हणून त्यांनी तांबे व बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर आणि दुसरा बर्फात ठेवला. विजेचा दाब स्थिर झाला.

१८२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. दाबाला प्रवाहाने भागले की तारेचा रोध मिळतो. आपली इस्त्री २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल तर रोध ४६ ओम. त्याच आकड्यांचा गुणाकार, म्हणजे ११५० वॅट, ही तिची शक्ती. तासभर सतत तापली तर १.१५ युनिट. (हा गुणाकार पुढच्या संशोधकांनी बसवला.)

बर्लिनमध्ये तेव्हा हेगेलचा दबदबा होता. त्या वळणाच्या टीकाकाराने पुस्तक मोडीत काढले. सेमिनरीत आम्ही हेगेल आदराने वाचला, पण इथे आमचे मत तार मोजणाऱ्या मास्तरांना!

१८२८ साली ओम यांनी नोकरी सोडली. बरी जागा मिळायला १८३३ उजाडले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिले. म्युनिकला प्राध्यापकपद मिळाले तेव्हा साठी उलटली होती. १८५४ साली ते वारले. रोधाच्या एककाला त्यांचे नाव पॅरिसच्या परिषदेत १८८१ साली पक्के झाले.