पहाटेचा दिवा

आज जेथे कॉटन ग्रीन स्टेशन आहे, तेथून थोड्याच अंतरावर परळ. तेथील एका चाळीत सुभेदार रामजी सकपाळ एकाच खोलीत कुटुंबासह राहत. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी आणि खोलीभर चुलीचा धूर! अशा दाटीत भीमरावांनी अभ्यास करावा तरी कोठे?

रामजींनी तोड काढली. भीमराव लवकर झोपत. वडील रात्री दोनपर्यंत जागत. मग मुलाला उठवून त्याच जागी आपण आडवे होत. बिनकाचेच्या चिमणीपुढे भीमराव उजाडेपर्यंत वाचीत. त्या अभ्यासात अर्धा वाटा वडिलांच्या जागरणाचा! पुस्तकांसाठी रामजी मुलीचा दागिना गहाण ठेवीत व पेन्शन येताच सोडवीत.

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना एकदा फळ्याकडे बोलाविले, तेव्हा विटाळाच्या भीतीने मुलांनी फळ्यामागील डबे धावत जाऊन हलविले. तरी पहाटेचा नेम मोडला नाही. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

पुढे लंडनमध्येही डॉ. बाबासाहेब आंबेडकर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून दार बंद होईपर्यंत वाचीत बसत आणि बिऱ्हाडी परतल्यावर पुन्हा पुस्तक उघडीत. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. ही पदवी दिली. ती पाहण्यास रामजी नव्हते. १९१३ सालीच ते निवर्तले होते.