न्यूमार्केटच्या टेकडीवरची गायकवाडी पागा

इंग्लंडच्या सफोक परगण्यात न्यूमार्केट नावाचे गाव आहे. लंडनपासून अंतर शंभरेक किलोमीटर. घोडा हाच या गावाचा धंदा आणि घोडा हाच त्याचा अभिमान. पहाट झाली की शेकडो घोडी एकामागोमाग एक रांगा धरून हिरवळीच्या मैदानांकडे निघतात आणि त्यांच्यासाठी मोटारी थांबतात. गावाच्या कडेला असलेल्या वॉरन हिल या चढावर ही जनावरे दौडवली जातात. त्या टेकडीच्या माथ्यावर ‘वॉरन प्लेस’ ही मालमत्ता आहे. राहता वाडा, तबेले आणि शर्यतीचे घोडे तयार करण्याची सारी व्यवस्था तेथे होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही मालमत्ता एका मराठी संस्थानिकाच्या मालकीची झाली. ते होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ चा. तिसरे सयाजीराव गायकवाड हे त्यांचे आजोबा. वडील फत्तेसिंहराव त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवर्तले, तेव्हा हे मूल तीन महिन्यांचेही नव्हते. त्यामुळे नातू थेट आजोबांच्या छायेत वाढला, आणि ती छाया साधी नव्हती. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ग्रंथालये उघडली आणि १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. राज्याचा पैसा कशासाठी असतो, याचा वस्तुपाठ घरातच होता. तो नातवाला समजला नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही.

१९३९ च्या फेब्रुवारीत सयाजीराव गेले आणि तिसाव्या वर्षी प्रतापसिंहराव गादीवर आले. आरंभ चांगला होता. आजोबांच्या स्मरणार्थ त्यांनी एक कोटी रुपयांचा न्यास स्थापन केला. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला बडोद्याचे नाव मिळाले. घरी पत्नी शांतादेवी होत्या. त्या कोल्हापूरकडील हसूरच्या घोरपड्यांच्या कन्या. १९२९ मध्ये हा विवाह झाला होता आणि संसारात आठ मुले होती. शर्यतीच्या घोड्यांचा शोक संस्थानिकांमध्ये नवा नव्हता. त्यासाठी महाराजांना कोणी नावे ठेवली असतील असे वाटत नाही.

मग १९४३ साल आले. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला होता. ऑगस्टमध्ये देशभर धरपकड झाली आणि सेवाग्रामच्या मातीच्या कुटीत राहणारे गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले. हे आगाखान न्यूमार्केटच्या मैदानावरचे त्या काळातील सर्वांत मोठ्या अश्वमालकांपैकी एक. अश्वमालकाचे वैभव आणि चरख्याचे व्रत एकाच आवारात नांदण्याचा हा योग इतिहासानेच जुळविला. नेते तुरुंगात असतानाच मुंबईत महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने. मालक होते बडोद्याचे महाराज आणि जॉकी होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन.

त्याच वर्षी मद्रासच्या शर्यतींत महाराजांची भेट सीतादेवींशी झाली. त्या पिठापुरमच्या राजकन्या, वुय्युरच्या जमीनदारांच्या पत्नी आणि एका मुलाच्या आई. पहिला विवाह मोडण्यासाठी सीतादेवींनी इस्लाम स्वीकारला, मग पुन्हा हिंदू होऊन वर्षाअखेरीस महाराजांशी विवाह केला. बडोद्यात तर पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्यास कायद्याने बंदी होती. महाराज स्वतःच्या कायद्याला बांधील नाहीत, असा अर्थ काढून वाट मोकळी करण्यात आली. पुढच्या साऱ्या प्रकरणाचे बीज माझ्या मते या युक्तिवादात आहे. कायद्यातून सुटलेल्या राजाला खजिना तरी कसा बांधून ठेवणार?

युद्ध संपताच १९४५ मध्ये महाराजांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिनींना घेतले. त्या वयाच्या घोड्याला एवढी किंमत तोवर कधी आली नव्हती. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग; तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होते. हा केवळ श्रीमंतीचा उतावळेपणा नव्हता. शिंगराचा बाप प्रख्यात ‘निअर्को’ आणि सख्खा भाऊ ‘दान्ते’ त्याच साली न्यूमार्केटला झालेली डर्बी जिंकलेला. महाराजांना रक्त ओळखता येत होते. शिंगराला त्यांनी नाव दिले ‘सयाजीराव’. आजोबांचे तेच नाव, आणि त्या वर्षी मार्चमध्ये सीतादेवींना झालेल्या मुलाचेही तेच.

यॉर्कशरमधील मिडलहॅमचे नामवंत प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग बडोद्याच्या घोड्यांसाठी न्यूमार्केटला आले आणि वॉरन प्लेस गजबजले. शर्यतीचा घोडा घडविणे हे सबुरीचे काम आहे. आधी लांब दोरीवर त्याला गोलात फिरवून माणसाच्या आवाजाची सवय लावायची. मग तोंडात लगाम, पाठीवर रिकामे खोगीर, त्यानंतर हलक्या वजनाचा स्वार. दौडीला सोडायचे ते त्याही पुढे, हाडे पक्की होऊ लागल्यावर. रोज दाणा मोजायचा, पाय चाचपायचे, खूर तपासायचे. आपल्याकडचे चाबुकस्वार आणि मोतद्दार हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत. न्यूमार्केटला त्याला पैशाचे आणि मैलोगणती राखलेल्या हिरवळीचे पाठबळ होते. शिवाय आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यातील न्यूब्रिजजवळ महाराजांनी पैदाशीसाठी स्वतंत्र स्टड फार्म घेतले.

१९४७ च्या उन्हाळ्यात ‘सयाजीराव’ने इंग्लंडच्या दोन मोठ्या शर्यतींत तिसरा क्रमांक मिळविला. त्यांपैकी एक खुद्द एप्समची डर्बी. पुढे आयरिश डर्बी त्याने जिंकली. सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला सेंट लेजर होती. १७७६ पासून चालत आलेली, तीन किलोमीटरच्या घरातली, दमाची परीक्षा पाहणारी ही शर्यत. स्वार तोच महालक्ष्मीचा ब्रिट. फ्रेंच घोडा ‘अर्बार’ला केवळ डोक्याएवढ्या अंतराने मागे टाकून ‘सयाजीराव’ जिंकला; आगाखानांचा ‘मिगोली’ तिसरा आला. पुढच्या वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली. मालक म्हणून त्यांच्या आयुष्यातले हे दोन सर्वोच्च क्षण.

पण तो सप्टेंबर १९४७ चा होता. देशाला स्वातंत्र्य मिळून महिना झाला होता. पंजाब जळत होता, निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडत होते. घटना समितीत जाण्याची तयारी संस्थानांमध्ये सर्वांआधी बडोद्याने दाखविली होती, हे महाराजांचे श्रेय मान्य करायलाच हवे. त्याच महाराजांचा मुक्काम आता बहुधा युरोपात असे आणि १९४८ मध्ये अमेरिकेतील त्यांच्या खर्चाच्या बातम्या इकडे येऊ लागल्या. बडोद्याच्या धारासभेने त्यांच्यावर अविश्वास दाखवून पदत्यागाची मागणी केली. ज्या संस्थानात आजोबांनी शाळा काढून लोकांना वाचायला शिकविले होते, तेथील लोक आता राजाचा जमाखर्च वाचू लागले, यात नवल नव्हते.

भारत सरकारने हिशेब तपासले तेव्हा राज्याच्या खजिन्यातून आणि राखीव गुंतवणुकीतून कोट्यवधी रुपये महाराजांकडे गेल्याचे दिसले. काही भाग परत करण्याचे त्यांना कबूल करावे लागले. दरबारचे मौल्यवान जडजवाहीरही परदेशी गेले होते. एप्रिल १९४९ अखेर महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागे महाराजांच्या न्यासाचे बळ होते. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. लगेच १ मे रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराजांचा तनखा वर्षाला साडेसव्वीस लाख रुपये ठरला. विद्यापीठ उभारणारा हात आणि खजिना रिता करणारा हात एकाच माणसाचे होते. त्यांच्यावर लिहिणारे बहुधा त्यांतला एकच हात पाहतात.

तनख्यावर समाधान मानून राहिले असते तर गादी टिकली असती. पण विलीनीकरणालाच त्यांनी आव्हान दिले आणि संस्थानिकांची संघटना उभारण्याच्या खटाटोपात पुढाकार घेतला. सरकारने १९५१ मध्ये त्यांची राजा म्हणून मान्यता काढून घेतली आणि थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव यांना गादीचे वारस मानले. हेच फत्तेसिंहराव पुढे लोकसभेवर निवडून आले आणि क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. शांतादेवी बडोद्यातच राहिल्या.

त्यानंतर न्यूमार्केटचा डोलारा फार काळ तगला नाही. १९५२ मध्ये नोएल मर्लेस यांनी वॉरन प्लेसचा ताबा घेतला आणि अनेक वर्षे तेथून विजेते घडविले. त्यांच्यानंतर तेथे त्यांचे जावई हेन्री सेसिल आले. चौदापैकी चौदा शर्यती जिंकणारा ‘फ्रँकेल’ २०१० ते २०१२ या काळात याच टेकडीवरून धावायला उतरत असे. सीतादेवींशी महाराजांचा काडीमोड १९५६ मध्ये झाला. सीतादेवी पॅरिसमध्ये राहत. एक एक दागिना विकावा लागला तरी त्यांनी महाराणीचा रुबाब सोडला नाही.

‘सयाजीराव’ने पैदाशीसाठी ठेवल्यावरही नाव राखले. १९५८ ची ॲस्कॉट गोल्ड कप जिंकणारी ‘ग्लॅडनेस’ त्याची मुलगी. त्याचा मुलगा ‘इंडियाना’ १९६४ मध्ये डॉनकास्टरला सेंट लेजर जिंकला, बापाने सतरा वर्षांपूर्वी जिंकली होती तीच शर्यत. प्रतापसिंहराव १९ जुलै १९६८ रोजी लंडनमध्ये वारले. वय साठ. न्यूब्रिजजवळच्या त्यांच्या स्टड फार्मला पुढेही ‘बडोदा स्टड’ हेच नाव राहिले.